हजेरी कुणी मांडायची?

एडिसन, न्यू जर्सी
१ मार्च २०२६

तीर्थरूप आप्पांस,
बेबीचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत. आईचा गुडघा कसा आहे? दादा म्हणाला, तेल चोळून घेते पण डॉक्टरचं नाव काढू देत नाही. तिला माझ्या वतीने रागवा. तुमचं ऐकेल असं नाही, पण रागवा.

गेल्या रविवारी फोनवर आपला वाद अर्धाच राहिला. तुम्ही बातम्यांत ऐकलं होतं की इथल्या सरकारने गरिबांच्या विम्याला कामाची अट घातली, आणि तुमचा निकाल तयार होता: "मग बिघडलं काय? धडधाकट माणसाला फुकट का द्यायचं? बहात्तरला आम्ही खडी फोडल्याबिगर कुणाच्या हातावर पैसा ठेवला नाही." मी सांगायला लागले तर तुम्हाला ऐकू येईना. कानाचं मशीन डबीत. व्हॉट्सॲपवर लांब काही लिहिलं की तुम्ही अंगठा दाखवून मोकळे होता. म्हणून हे पत्र. दादाला मेल करतेय, तो प्रिंट काढून देईल. अक्षर मोठं ठेव म्हणून सांगितलंय.

आधी माझ्या कामाचं सांगते. तुम्ही करमाळ्यात सगळ्यांना सांगता, "पोरगी अमेरिकेत दवाखान्यात आहे," आणि लोक मला डॉक्टर नाहीतर नर्स समजतात. मी फॉर्म भरते आप्पा. आपल्याकडे फुले योजनेच्या हॉस्पिटलात दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं ना, तसं माझं टेबल. माणूस येतो, त्याला विमा नसतो, किंवा होता आणि बंद झालेला असतो. त्याचे कागद बघायचे, कुठल्या योजनेत बसतो ते ठरवायचं, अर्ज लावायचा आणि मग काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, ऑफिसशी फोनवर झगडत बसायचं. दिवसातला निम्मा वेळ कानाशी त्यांचं ते संगीत वाजत असतं.

इथे सिव्हिल हॉस्पिटलसारखा केसपेपर काढून आत जायचा प्रकार नाही. विमा हेच तिकीट. बरी नोकरी असेल त्याला मालकाकडून मिळतो. पासष्टीच्या पुढे मेडिकेअर. आणि गरिबाला मेडिकेड, ज्याचा निम्माशिम्मा पैसा वॉशिंग्टनचा आणि बाकीचा राज्याचा. दोन्ही योजना १९६५ सालच्या, लिंडन जॉन्सन अध्यक्ष असतानाच्या. राज्याराज्यात नावं वेगळी, आमच्याकडे एनजे फॅमिलीकेअर म्हणतात. पूर्वी मेडिकेडमध्ये लहान मुलं, गरोदर बायका, अपंग, म्हातारी माणसं हीच मुख्यतः. नुसता गरीब, पण हातीपायी धड असलेल्या मोठ्या माणसाला बहुतेक राज्यांत जागाच नव्हती. ओबामांच्या २०१० च्या कायद्याने ती केली. २०१२ मध्ये इथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं की राज्यांवर याची सक्ती करता येणार नाही. त्यामुळे ४० राज्यांनी ते घेतलं आणि टेक्सास, फ्लोरिडा धरून १० राज्यं आजही बाहेर आहेत. न्यू जर्सीत २०१४ पासून सुरू आहे. एकट्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न साधारण २२,००० डॉलरच्या आत असेल तर तो बसतो. तुम्ही लगेच रुपये करून बघाल, म्हणून सांगते, एडिसनमध्ये एका खोलीच्या घराचं वर्षाचं भाडं यातलं बहुतेक सगळं खाऊन टाकतं.

आता नवा कायदा. ४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केली. सिनेटमध्ये ५० विरुद्ध ५० झाले होते, उपाध्यक्षांच्या मताने पार पडला. त्यात असं की, ओबामांच्या कायद्याने केलेल्या त्या जागेत आलेल्या १९ ते ६४ वयाच्या माणसाने महिन्याला ८० तास काम केलं पाहिजे, नाहीतर समाजसेवा, नाहीतर कामाचं प्रशिक्षण, नाहीतर अर्धवेळ शिक्षण. किंवा महिन्याला निदान ५८० डॉलर कमावले पाहिजेत. केंद्राची किमान मजुरी तासाला ७.२५ डॉलर आहे, तिला ८० ने गुणलं की ५८०. सूट आहे: १३ वर्षांपर्यंतच्या मुलाचे आईबाप, अपंग माणसाची काळजी घेणारे, गरोदर बायका, गंभीर आजारी, व्यसनमुक्तीचा उपचार घेणारे आणि आणखी काही. १ जानेवारी २०२७ पर्यंत राज्यांनी हे लागू करायचं आहे. नेब्रास्काने तर यंदाच्या मे महिन्यापासूनच सुरू करतो म्हणून जाहीर केलंय.

ऐंशी तास म्हणजे आठवड्याला वीस. तुम्ही म्हणाल, एवढंच? बरोबर आहे, एवढंच. आणि म्हणूनच सांगते, वाद तासांचा नाहीच.

केएफएफ नावाची इथली एक संस्था आरोग्याची आकडेवारी काढते. तिच्या २०२३ च्या आकड्यांप्रमाणे, मेडिकेडवरच्या अशा मोठ्या माणसांपैकी ६४ टक्के कामच करतात, पूर्ण किंवा अर्धवेळ. उरलेल्यांत कुणी घरातल्या आजाऱ्याचं करतंय, कुणी स्वतः आजारी आहे, कुणी शिकतंय. हे सगळे धरले की ९२ टक्के होतात. माइक जॉन्सन म्हणून इथल्या संसदेच्या खालच्या सभागृहाचे अध्यक्ष आहेत, ते म्हणाले होते की तरुण पोरं दिवसभर व्हिडिओ गेम खेळत बसतात, त्यांनी कामाला लागावं. अशी पोरं नाहीत असं मी म्हणत नाही. आपल्या गल्लीत नाहीत का? पण माझ्या टेबलापुढे बसतात ती माणसं वेगळी असतात. एक बाई सांगते तुम्हाला.

सांगलीकडची आहे, वय छप्पन्न. भावाने बहिणीसाठी लावलेला ग्रीन कार्डचा अर्ज इतक्या वर्षांनी निघाला की तोवर नवरा वारला होता आणि मुलगा तिकडेच नोकरीला लागला होता. एकटी आली. पाच वर्षं मेडिकेडला हात लावता येत नाही, १९९६ चा कायदा आहे तसा, ती पाच वर्षं तिने साखर अंगावर काढली. आता विमा आहे, इन्सुलिन चालू आहे. काम काय करते? पोळ्या. पहाटे चारला उठून कणीक मळते. आपल्या मराठी घरांतून, गुजराती घरांतून, नोकरी करणाऱ्या पोरींकडून ऑर्डरी असतात. पुरणपोळ्या, चकल्या, दिवाळीत तर झोपच नाही. मनगटावर तव्याचे चटके काळे पडलेत. पैसे रोख नाहीतर फोनवरून, आणि हिशेब दोनशे पानी वहीत, मराठीत. "बुध, ४० साध्या, १२ पुरणाच्या."

मी तिला विचारलं, मावशी, महिन्याचे तास किती होतात? तिला प्रश्नच कळेना. मग म्हणाली, "लाटायचंच धरलं तर तासाला पन्नास होत्यात. पण कणीक मळायची, डाळ शिजवायची, डबे भरायचे, तवे घासायचे, ते कुठं धरायचं?"

आप्पा, मला खरंच उत्तर देता आलं नाही. तुमच्याकडे निदान ब्रासचं माप होतं. खडीचा ढीग लावला, टेप धरला, इतके ब्रास, इतकी मजुरी. पोळीला ब्रास कुठला? ही बाई महिन्याला दोनशे तासांच्या खाली काम करत नसेल, आणि सरकारच्या कॉम्प्युटरमध्ये तिचे तास शून्य दिसतात, कारण तिचा कुणी मालक नाही जो पगाराची नोंद पाठवेल. मी तिला सांगितलंय की तासांच्या मागे लागू नको, ५८० डॉलर कमाई दाखव. त्यासाठी वही रोज लिही, तारीख टाक, खर्च वेगळा मांड, आणि कर भर, भावाचा हिशेबनीस काही का म्हणेना. ती मान डोलावते. पण पत्र येणार इंग्रजीत, भावाच्या पत्त्यावर. भाऊ यादरम्यान घर बदलतोय.

दुसरा प्रकार गोदामांचा. टर्नपाइक म्हणून आमचा मोठा रस्ता आहे, त्याच्या ८ए क्रमांकाच्या फाट्यावर मैलोन्मैल गोदामं पसरली आहेत. तुम्ही आला होतात तेव्हा जाताना दाखवली होती, तुम्ही म्हणालात साखर कारखान्याची गोदामं यापुढे काहीच नाहीत. तिथे काम ठेकेदारामार्फत. न्यू ब्रन्सविकला पहाटे व्हॅन येते आणि माणसं भरून नेते. नाताळच्या आधी आठवड्याला पन्नास तास, जानेवारीत दहा. कधी व्हॅनमध्ये जागाच नाही. न्यू जर्सीत किमान मजुरी यंदा तासाला १५.९२ डॉलर आहे, त्यामुळे साधारण ३७ तासांत ५८० होतात, आमच्याकडे हे लोक तरून जातील. पण डेलावेअर नदी ओलांडली की पेन्सिल्वेनिया, तिथे अजून ७.२५ च. म्हणजे पुरे ऐंशी तास. नदीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या मजुराला एकच कायदा आणि त्यात हा फरक. बरं, मालक सरकारला पगार कळवतात तो तिमाहीचा, आणि अट महिन्याची. तीन महिन्यांच्या बेरजेतून फेब्रुवारी कसा वेगळा काढायचा? ते पुन्हा त्या माणसानेच चिठ्ठ्या आणून दाखवायचं.

आता तुमच्या खडीकडे येते. तुम्ही बहात्तरच्या दुष्काळी कामावर होतात आणि पुढे रोजगार हमीवर हजेरी सहायक म्हणून राहिलात, त्यामुळे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्याचं तुम्ही इतक्यांदा सांगितलंय, आणि ती मिलो अमेरिकेची म्हणून या देशावर तुमचा अजून थोडा राग आहे हेही मला ठाऊक आहे. पण रोहयो काय होती ते आठवा. वि. स. पाग्यांनी जे डोक्यात घेतलं होतं ते "मागेल त्याला काम". १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. माणसाने काम मागायचं, सरकारने पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. त्याच्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला, मुंबईतला कारकून आजही तो भरतो. बंधन सरकारवर होतं. मजुराने कुदळ घेऊन पाझर तलावावर यायचं, बाकी हजेरीचं मस्टर तुमचं, माप तुमचं, मुकादम तुमचा, पावसाची कामं कुठली काढायची ती डोकेदुखी तहसीलदाराची.

इथे नेमकं उलटं आहे. काम देण्याची जबाबदारी कुणाचीच नाही. कायद्यात कामाची अट आहे, कामाची हमी कुठेच नाही. नोकरी शोधून देणं, बसचं भाडं, लेकराला सांभाळायला कुणी, यातलं काहीही मेडिकेडच्या पैशातून मिळणार नाही. आणि मस्टर मजुराच्या गळ्यात. त्याने स्वतःची हजेरी स्वतः मांडायची, पुरावा जोडायचा, वेळेत पोचवायचा, पोचला की नाही याची खात्रीही त्यानेच करायची. चुकला की नाव गळालं. तुमच्या मस्टरवर कुणाचं नाव सुटलं तर संध्याकाळी ती बाई तुमच्या डोक्यावर येऊन उभी राहायची, तुम्ही शिव्या खायचात आणि नाव घालायचात. इथे उभं राहायला डोकं कुणाचं? सरकारी मदतीच्या आठशे नंबरवर फोन लावा आणि संगीत ऐका.

हे मी अंदाजाने बोलत नाही, करून पाहिलेलं आहे. आर्कान्सा म्हणून दक्षिणेकडचं राज्य आहे, तिथे जून २०१८ मध्ये अशीच अट लावली, तीच ऐंशी तासांची, आधी ३० ते ४९ वयाच्या लोकांना. हजेरी फक्त इंटरनेटवर भरायची. ज्या राज्यात खेड्यापाड्यांत इंटरनेट धड नाही तिथे! आणि ती वेबसाइट रात्री नऊ ते सकाळी सात बंद. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं छापताना चुकलंय. दिवसभर कामावर असलेला माणूस हजेरी भरणार रात्री, आणि दुकान रात्री बंद. वर्ष संपायच्या आत १८,००० वर माणसांचा विमा गेला. मार्च २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायाधीश बोसबर्ग यांनी ते थांबवलं. हार्वर्डच्या संशोधकांनी नंतर मागोवा घेतला. ज्यांना अट लागू होती त्यातले ९५ टक्क्यांहून जास्त लोक एकतर अट पाळतच होते किंवा सुटीत बसत होते. तिसऱ्या हिश्शाच्या लोकांनी अटीबद्दल काही ऐकलंसुद्धा नव्हतं. आणि अटीमुळे काम करणारांची संख्या वाढली का? नाही वाढली.

आणि जॉर्जियाची गंमत तर तुम्हाला आवडेल, तुम्ही आयुष्यभर ऑडिटवाल्यांच्या पाठीमागे फिरलात. त्यांनी जुलै २०२३ पासून आपली स्वतःची योजना काढली, काम दाखवा आणि विमा घ्या. पहिल्या वर्षी २५,००० लोक येतील म्हणाले. वर्ष सरलं तेव्हा साडेचार हजारसुद्धा नव्हते. खर्च मात्र झाला, पण तो औषधपाण्यावर कमी आणि कॉम्प्युटरची यंत्रणा, सल्लागार कंपन्या, जाहिरात यावर जास्त. मस्टर छापायला लागलेला पैसा मजुरीपेक्षा जास्त झाला, असं समजा.

आमच्याकडे न्यू जर्सीत अशी अट कधी नव्हती, तरीही नाव गळणं म्हणजे काय ते मी बघितलंय. कोविडच्या काळात कुणाचंच मेडिकेड बंद करायचं नाही असा केंद्राचा हुकूम होता. एप्रिल २०२३ पासून तो उठला आणि सगळ्यांची फेरतपासणी सुरू झाली. त्यात देशभर अडीच कोटी माणसांचं मेडिकेड बंद झालं. पात्र नाही असं ठरून गेलेले थोडे. दोन तृतीयांशांहून जास्त गेले ते कागदाच्या कारणाने, पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, फॉर्म परत आला नाही, सही राहिली. त्या दिवसांत आमच्या दवाखान्यात रोज सकाळी दारात रांग असायची आणि रांगेतल्या निम्म्यांना आपला विमा गेलाय हे औषधाच्या दुकानात काउंटरवर कळलेलं असायचं. आता नव्या कायद्याने ही तपासणी वर्षातून एकदा नाही, दर सहा महिन्यांनी. जे आधीच तोडकंमोडकं चालत होतं ते दुपटीने चालवायचं. सविस्तर नियम केंद्राने येत्या जूनपर्यंत काढायचे आहेत, आणि जानेवारीत लागू. आमच्या ऑफिसात अजून फॉर्मचा नमुनासुद्धा आलेला नाही.

आजाऱ्याला सूट आहे ना, असं तुम्ही म्हणालात. आहे. पण आजारी आहे हे डॉक्टरने लिहून द्यायला हवं, आणि विमा नाही तर डॉक्टर कुठला? नव्याने अर्ज करणाऱ्याने तर अर्जाच्या आधीच्या महिन्यात अट पाळलेली हवी, राज्याने ठरवलं तर तीन महिन्यांपर्यंत. आता समजा एखाद्याची पाठ गेली म्हणून काम सुटलं आणि काम सुटलं म्हणून मालकाचा विमा सुटला. तो माझ्याकडे येणार आणि मी त्याला विचारणार, गेल्या महिन्यात ऐंशी तास काम केलंस का? शिवाय या अटीत नापास झालेल्याला बाजारातला विमा घ्यायलाही सरकारी सवलत मिळणार नाही, असं कायद्यात मुद्दाम लिहिलंय. म्हणजे मागचं दार बंद केलं ते केलं, पुढच्यालाही कडी. राहतं ते हॉस्पिटलचं इमर्जन्सी खातं. १९८६ च्या कायद्याने ते कुणाला हाकलू शकत नाही. पण तिथे साखर ४०० झाल्यावर घेतात, २०० असताना इन्सुलिन देत नाहीत. बिल येतं ते वेगळं.

पैशाचं बोलायचं तर इथल्या संसदेचं स्वतःचं हिशेब खातं आहे, काँग्रेशनल बजेट ऑफिस. त्यांचा अंदाज असा की या एका अटीने केंद्राचे दहा वर्षांत ३०० अब्ज डॉलरहून जास्त वाचतील आणि २०३४ पर्यंत ५० लाखांवर माणसं विम्याविना राहतील. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. लोक कामाला लागले, पगार वाढला आणि त्यांना मेडिकेडची गरज उरली नाही, म्हणून वाचणारा हा पैसा नाही. नावं गळतील म्हणून वाचणार. सरळ "आम्हाला एवढ्यांना विमा द्यायचा नाही" म्हणाले असते तर ते निदान खरं बोलले म्हणून मी मान दिला असता.

तुमचं एक मात्र मानते. फुकट खाणारे असतात, आणि ते दिसले की कष्टाळू माणसाच्या तळपायाची आग मस्तकात जाते. बोगस मस्टरच्या चौकश्या तुम्ही बघितल्यात, मेलेल्या माणसांचे अंगठे उठलेले बघितलेत. पण त्या भानगडीत हात कुणाचे होते ते तुम्हीच आम्हाला सांगितलंय. खडी फोडणाऱ्या बायकांचे नव्हते.

आपल्या लोकांचंही ऐका. इथे गणपतीत मंडपात हा विषय निघाला तेव्हा तावातावाने सगळे तुमच्याच बाजूचे. "आम्ही टॅक्स भरायचा आणि यांनी बसून खायचं." एच-वन व्हिसावाल्यांना मेडिकेड मिळतच नाही, त्यामुळे त्यांचं एकवेळ समजू शकते. पण जे सिटिझन झालेत, मोठ्या घरांत राहतात, त्यातलेच काही आईवडिलांचं ग्रीन कार्ड काढतात, पाच वर्षं भरली की हळूच मला बाजूला घेऊन विचारतात, "बाबांना मेडिकेडमध्ये बसवता येईल का गं? त्यांच्या नावावर इथे काही नाही." नियमात बसत असेल तर मी फॉर्म भरते, ते माझं कामच आहे. पासष्टीपुढच्यांना ही नवी अट नाहीच. पण पोळीवालीच्या बाबतीत यांना लगेच करदाता आठवतो. तुमचे जावई म्हणतात, तू तिथे बोलू नकोस, पुढच्या वर्षी वर्गणीला जायचंय. मी बोलते.

आमच्या दवाखान्यात आम्ही दोघी-तिघींनी मिळून एक साधा कागद तयार केलाय. एक पान एका महिन्याचं, तारखांचे रकाने, कुणाचं काम, किती वेळ, किती पैसे, खाली सही. इंग्रजी, स्पॅनिश, गुजराती, आणि माझ्यामुळे मराठीही. सरकार तो स्वीकारेल की नाही ते जूननंतर कळेल, पण माणसाला लिहायची सवय तर लागेल. त्यात तुमची मदत हवी आहे. थट्टा नाही. रोहयोचं मस्टर कसं आखलेलं असायचं, कुठले रकाने कधीच भरले जायचे नाहीत, कुठे लोक गोंधळायचे, अंगठेवाल्यांचं तुम्ही काय करायचात, हे मला लिहून पाठवा. दादाला फोटो काढून टाकायला सांगा. जुनं कोरं मस्टर माळ्यावर असेल तर त्याचाही.

शेवटचं, आणि हे वाचून झाल्यावर लगेच करायचं. आत्याला सोलापूरला ॲन्जिओग्राफी सांगितलीय असं दादा म्हणाला. फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, हृदयाच्या शस्त्रक्रिया त्यात येतात. पण आधी हॉस्पिटल योजनेच्या यादीत आहे का ते विचारा, आणि पैसे भरायच्या आधी आरोग्यमित्राला भेटा, नंतर नाही. आत्याचं रेशन कार्डावरचं नाव बघा. ती आपल्याकडे राहायला आली त्याला बरीच वर्षं झाली, पण नाव अजून टेंभुर्णीच्या कार्डावर असेल तर आत्ताच हलवा. आधारवर तिचं नाव लक्ष्मी आहे की लक्ष्मीबाई, आणि रेशन कार्डावर काय आहे, दोन्ही दादाने समोरासमोर धरून ताडून बघावं. फरक असेल तर ॲडमिट करायच्या आधी दुरुस्ती. हे काम दादावर सोडू नका, तो "होईल होईल" म्हणतो. तुम्ही स्वतः तहसीलमध्ये जा, पुरवठा विभागात अजून तुम्हाला ओळखणारं कुणीतरी असेलच.

आईला आणि आत्याला नमस्कार, वहिनींना आणि मुलांना आशीर्वाद. मशीन कानात घाला.

तुमची,
बेबी